स्लॅबच्या दिवशीचं जेवण

नव्या छतावर कोणी पाणी मारताना दिसलं की देगलूर भागातल्या एक अक्का मला हटकून आठवतात. नाव सांगत नाही. नवरा गेल्यावर आंधळ्या सासूला घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत राहत. उन्हाळ्यात पत्रा असा तापे की दोघी दिवसभर कडुनिंबाखाली बसून असत. पावसात सासूची बाज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवावी लागे. म्हशी सांभाळून, दूध घालून अक्कांनी बरीच वर्षं काढली आणि शेवटी दोन खोल्या बांधून वर स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर भेगांचं जाळं दिसलं.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो. अक्का तक्रारी अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. मिस्त्री त्यांच्या नवऱ्याचा दोस्त. त्याला त्या तम्मा म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

"तम्मानं सिमेंट खाल्लं, साहेब. शेजाऱ्यानं बघितलंय. दुपारी गाडीवर पोती घेऊन फिरून राहिला व्हता."

शेजाऱ्याचा जबाब घेतला. पोती पाहिली हे खरं, पण भरलेली की रिकामी, ते त्याला सांगता येईना. तोवर बातमी गावभर झाली होती. मिस्त्रीचं पुढचं ठरलेलं काम लोकांनी थांबवलं होतं. चोर ठरला असता तर त्या भागात पुन्हा कोणी त्याला घराला हात लावू दिला नसता.

त्याला बोलावलं. "पोत्यांत काय होतं?"

"रिकामी गोणपाटं, साहेब. मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून आणली. भिजवून स्लॅबवर टाकायला."

"मग ती लगेच टाकलीस का?"

तो गप्प.

"सिमेंट बरोबर घातलं होतं?"

"हाव."

"मग भेगा कशा पडल्या?"

"माझीच चूक म्हणून लिहा साहेब. अक्काला काई इचारू नका."

हवालदार म्हणाले, "कबूलच करून राहिलाय, घ्या लिहून." मी घेतलं नाही. चोर दुसऱ्यावर ढकलतो, हा माझा अनुभव. हा सगळं स्वतःवर ओढून घेत होता.

दोन पंच आणि ओळखीचे एक सरकारी अभियंता घेऊन स्थळपाहणीला गेलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याआधी नांदेडला आईबरोबर बांधकामांवरच वाढलो. त्यामुळे छतावर उकिडवं बसून बघायची मला लाज नव्हती. भेगा सगळ्या उघड्या बाजूला होत्या. कडुनिंबाची सावली पडते त्या कोपऱ्यात एकही नव्हती. काँक्रीटचा माल तोच, एकाच दिवशी ओतलेला. सिमेंट चोरणारा सावली बघून चोरत नाही.

अभियंत्यांनी छिन्नीने एक भेग उकरली; ती वरच्यावर संपली. म्हणाले, "ऊन आणि वारा. खालचं पाणी वर येण्याआधी वरचं उडून गेलं. ओला माल आकसला आणि चिरला. माल पडल्यापासूनचे पहिले काही तास फार नाजूक असतात."

खाली येऊन मी विचारलं, "अक्का, माल पडल्यावर वर कोण होतं?"

"कुणीच न्हाई." अक्का अभिमानाने सांगू लागल्या. "स्लॅबच्या दिवशी मालकानं जेवू घालायचं असतंय. पुरणपोळ्या केल्या व्हत्या. तम्मा म्हणला, झाकून येतो. म्या म्हणलं, पोळी गार व्हईल, आदी बस. कुणालाच उठू दिलं न्हाई, आग्रह करकरून..."

आणि त्या मधेच थांबल्या.

मिस्त्री घाईने म्हणाला, "जेवणाचा काई संबंध न्हाई, अक्का. वर एक माणूस ठेवायचं काम माझं व्हतं."

"म्हणून गप बसलास व्हय रे? चोर म्हणवून घेतलंस?"

"तुमच्या हातची पोळी. तिला कसं नाव ठेवू?"

"मुडद्या," अक्का म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे आम्हाला नोकरीच्या सुरुवातीलाच शिकवतात. ते खरंच आहे. पण तो काय लपवतो, हे बघायला ठाण्यातली खुर्ची सोडून उठावं लागतं, एवढं मी त्या छतावर शिकलो. कधी कधी तो कुणाचं तरी मन जपत असतो.

अक्कांनी अर्ज मागे घेतला. अभियंत्यांनी सांगितल्याप्रमाणे भेगांत पातळ सिमेंट भरलं, वर मातीचे वाफे करून पाणी साठवून ठेवलं. मिस्त्रीचं काम ज्यांनी थांबवलं होतं त्यांच्या दारात अक्का स्वतः गेल्या आणि "माझी चूक झाली, तम्मा चोर न्हाई," असं चारचौघांत बोलल्या. ते काम मिस्त्रीलाच मिळालं.