शिवराजला आणायला

चौदा वर्षं माझा भाऊ समुद्राकाठच्या एका गावात शिकवतो आहे, आणि मी तिथं पहिल्यांदा गेले ती त्याला परत आणायला.

आपल्याकडच्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. निलंगा, देवणी, देगलूर, कुठंही विचारा, एक तरी घर असं निघतंच ज्यातला मुलगा कोकणात मास्तर आहे आणि बायको-पोरं इकडं आहेत. जागा तिकडं निघाल्या, पोरं गेली, आणि मग दरवर्षी बदलीचा अर्ज. शिवराजनंही दरवर्षी केला. सुरुवातीच्या वर्षांत फोनवर रडायचा. शेवटी दिवाळीआधी ऑर्डर आली. त्याच्याबरोबरचे सगळे लातूर जिल्ह्यात हजर झाले, हा मात्र आला नाही. विचारलं की म्हणायचा, "कार्यमुक्त करंनात, अक्का. बदली शिक्षक आल्याबिगर सोडत न्हाईत."

फेब्रुवारी उजाडला. आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, उजवी बाजू लुळी पडल्याला वर्ष होत आलं होतं. मी निलंग्यात एका शाळेत ग्रंथपाल आहे, चार साहेबांशी बोलायची सवय आहे. आठवड्याची रजा टाकली, आप्पांच्या दवाखान्याचे कागद घेतले आणि ठरवलं, तिथल्या साहेबाच्या टेबलासमोर जाऊन बसायचं. निघताना आप्पांनी वाकड्या तोंडानं विचारलं, "कधी यालालाय त्यो?"

"संगंच घेऊन येते," मी म्हणाले.

लातूरहून कोल्हापूरची एसटी, तिथून तळकोकणात उतरणारी दुसरी. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावरच मला गाडी लागली. शेजारच्या बाईंनी पदराच्या गाठीतलं आमसूल काढून माझ्या हातावर ठेवलं. ते चघळत मी बाहेर बघत राहिले. आपल्याकडची काळी रानं तेव्हा तडकायला लागलेली असतात, इथं भिंतीसारखी लाल माती आणि तिच्यावर काजूची झाडं मोहरलेली. एवढी हिरवळ बघून बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. वाटलं, याच्याखाली माझ्या भावाची चौदा वर्षं गाडली आहेत.

गावाचं नाव लिहीत नाही. लहान आहे, लगेच ओळखू येईल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माडांच्या (नारळाच्या झाडांच्या) सावलीत पसरलेली घरं. निम्म्यांना कुलूप, माणसं मुंबईला. रस्ता लांबच्या पुलावरून वळसा घालून येतो, म्हणून लोक तरीनं (माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीनं) जातात. मी पोचले तेव्हा ओहोटी होती. होडीपर्यंत चिखलातून चालायचं. चौथ्या पावलाला माझी चप्पल रुतली ती रुतलीच. होडीवाला खाली उतरला, कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढली, खाडीच्या पाण्यात धुतली आणि मला दिली.

"खंयसून इलास?" (कुठून आलात?)

"लातूरकडून. निलंग्याहून."

"म्हणजे सरांची भैण!" त्याचा चेहरा उजळला. "माझो झील (मुलगा) सरांच्या हाताखाली शिकलो. आता कॉलेजात असा." माझी पिशवी त्यानं डोक्यावर घेतली आणि पलीकडे शाळेच्या फाटकापर्यंत आणून दिली.

शाळा म्हणजे दोन खोल्या, कौलारू. सगळ्या मिळून नऊ-दहा पोरं. फाटकाशीच मला शिवराजचं हसणं ऐकू आलं. मी थबकले. घरी येतो तेव्हा हा माणूस पेपर वाचतो, विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणतो. इथं तो जमिनीवर मांडी घालून बसला होता, एक चिमुरडी त्याच्या खांद्यावर रेलली होती, आणि तो त्यांच्याच बोलीत कसलीशी गोष्ट सांगत होता. मला बघून उठला. कपाळावर विभूती होती. पाया पडला, आणि हसणं गेलं.

"अशी न सांगता आलीस?"

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतास."

जेवायला सुलोचनाकाकींकडे नेलं. साठीच्या, सडपातळ, खणखणीत आवाजाच्या. नवरा मासेमारीत वारला, मुलगा-सून मुंबईला, नातू इथं आजीजवळ शिकतो. शाळा समितीच्या अध्यक्षही त्याच. घरात मासळीचा वास भरून राहिलेला. मी दारातच घुटमळले. काकींनी ते ओळखलं. मागच्या पडवीत वेगळी चूल होती, वेगळी भांडी. "ही सरांची," त्या म्हणाल्या. "हेंका मासळी लागली नाय कधी. पहिल्या वर्षापासून." उकड्या तांदळाचा भात, ओल्या काजूंची उसळ, सोलकढी. मी सोबत आणलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढं केली, तर काकींनी भाकरी कटकन मोडली आणि चहात बुडवून मिटक्या मारत खाल्ली. मला त्या आवडल्या. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंवाईट बोलले.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, चल, साहेबाकडं. शिवराज म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाला, शाळेत तपासणी आहे. तपासणीला कुणी आलं नाही. मी एकटी गावभर हिंडत राहिले. समुद्र बघितला. आपल्याकडच्या माणसाला तो बघून भरून यावं असं म्हणतात. मला फक्त एवढं दिसलं की त्याच्या पलीकडं काही नाही, आणि संध्याकाळी एकटा माणूस याच्याकडं बघत बसला तर त्याचं काय होत असेल. जाळी विणणाऱ्या बायकांनी मला जवळ बसवून घेतलं. जो भेटेल तो एकच म्हणायचा, आमचे सर. ऐकून ऐकून मला ते "आमचे" टोचायला लागलं.

मग एका सकाळी काकींच्या खळ्यात (अंगणात) मी सरळच विचारलं, "काकी, तुम्ही अध्यक्ष आहात. याला सोडत का नाहीत?"

काकी सुपारी कातरत होत्या. "आम्हीच अर्ज केलो," त्या शांतपणे म्हणाल्या. "दुसरो मास्तर येयपर्यंत सरांका सोडू नकात म्हणून. सर गेले तर शाळेक टाळा. पोरां खाडी पार करून जातली कशी? पावसात होडी उलटता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "तुमच्या पोरांना मास्तर पाहिजे. आमच्या आप्पांना पोरगा नको? त्याच्या दोन पोरींना बाप नको? चौदा वर्षं दिला की तुम्हाला. वेगळी चूल मांडली, चार घास घातले, म्हणजे माणूस तुमचा झाला? गोड बोलून कोंडून ठेवलंय तुम्ही त्याला."

काकींचा अडकित्ता थांबला. त्या चिडल्या नाहीत.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमका नाय सांगल्यानी? अर्ज करा म्हणान सरांनीच सांगल्यानी."

संध्याकाळी मी शिवराजला किनाऱ्यावर गाठलं. वाळूत उलट्या घातलेल्या होडीला टेकून तो बसला होता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "काकीनं सांगितलं व्हय?"

"का केलंस असं?"

तो बोटानं वाळू उकरायला लागला. मग बोलला, "पहिली आठ वर्षं मी रोज मनात निलंग्याला जात होतो, अक्का. झोपताना घरातनं एक चक्कर मारायचो. गोठा, आप्पा, पोरी. मग कधी बंद झालं ते कळलंच न्हाई. आता मी तिकडं येतो तवा पोरी नीट बसत्यात. पाय जवळ घेऊन, पाव्हन्यासमोर बसल्यागत. टीव्हीचा आवाज बारीक करत्यात. रेखा विचारते, भाजी कसली करू? बायको नवऱ्याला विचारल्यागत न्हाई, खानावळीवाली विचारल्यागत. त्यांची चूक न्हाई. त्यांनी माझ्याबिगर राहायचं शिकून घेतलं. मी बी शिकलो."

"आप्पा वाट बघलालेत."

"माझी न्हाई. ज्यो गेला त्याची."

मी त्याच्या थोबाडीत मारली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या, त्याच्या विद्यार्थ्यांच्या घरांसमोर. तो हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण "येतो" म्हणाला नाही. मला तेव्हा वाटलं हा कृतघ्न आहे. आज, लिहिताना, तेवढ्या खात्रीनं म्हणता येत नाही. माणसाला इतकी वर्षं घरापासून तोडून ठेवायचं आणि मग एक दिवस कागद पाठवायचा की जा आता घरी. कागद पोचतो. माणूस पोचेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. भरती होती, त्यामुळं पाय न भिजवता होडीत बसता आलं. काकी आल्या होत्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राग धरू नकात. माझोय झील येणा नाय." शिवराज फाटकाशी उभा होता. होडी वळली तशी शाळेची घंटा झाली आणि तो आत गेला.

घाट चढताना मी खिडकीकडं पाहिलंच नाही. सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होते, रेखाला काय सांगायचं. माझी भावजय शांत आहे, कधी तक्रार केली नाही. सासऱ्याचं अंथरूण-पांघरूण, देवणी गाय, दोन पोरींच्या शाळा, सगळं तिच्या अंगावर. तिला खरं सांगायची माझी हिंमत नव्हती.

पोचले तेव्हा ती गोठ्यात होती. मी एकटी आलेली पाहून तिनं हातातली कडब्याची पेंढी खाली ठेवली.

"साहेबांनी अजून सोडलं न्हाई गं," मी म्हणाले. "बदली शिक्षक आला की..."

"अक्का," रेखा म्हणाली, "मला ठावं हाय. दिवाळीलाच बोलले ते."

मी पिशवी खाली ठेवली. "मग मला कशाला जाऊ दिलंस?"

"वाटलं, माझं न्हाई, तुमचं तरी ऐकतील."

ती पुन्हा कडबा टाकायला लागली. घरातून आप्पांनी हाक मारली, "आला का गं शिवराज?" आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग रेखाच पदराला हात पुसत उंबऱ्याशी गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "सरकारी काम हाय, आप्पा. येळ लागलालाय."

"हाव," आप्पा म्हणाले. "लागतोच."