एका पायावरचे सहा सेकंद

मी पडलो तो पायजमा घालताना. हे सरळ सांगायला मला वर्ष लागलं. त्याआधी जो विचारील त्याला मी गाडी घसरली असं सांगत होतो. गाडीवरून पडलेल्या माणसाजवळ लोक बसतात, रस्त्यातल्या खड्ड्यांना दोन शिव्या घालतात. पायजम्यात पडलेल्या माणसाला काय म्हणायचं हे कुणालाच कळत नाही.

सकाळची अंघोळ झाली होती. डावा पाय पायजम्यात गेला, उजव्याचा अंगठा शिवणीत अडकला आणि मी कॉटच्या कडेला हातावर आपटलो. मनगटात कट्ट असा आवाज आला. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली.

"काय झालं वो?"

"काय न्हाय," मी फरशीवरूनच म्हणालो.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि कसं पडलात म्हणून विचारलं. गाडी घसरली, मी म्हणालो. कुठली गाडी, त्यांनी सहज विचारलं. मी नाव आठवेपर्यंत बायकोच बोलली, "पायजमा."

डॉक्टर हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी प्लास्टर घातलं, चष्म्याचा नंबर कधी तपासला ते विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं मागवून बघितली, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का याचीही चौकशी केली. मग म्हणाले, "या वेळी मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा मोडला तर काम अवघड होईल. प्लास्टर निघालं की तोल सांभाळायचे व्यायाम शिका. मंगळवार पेठेत एक वर्ग चालतो."

"डॉक्टर, मी चौतीस वर्षं पीटी शिकवलीय," मी म्हणालो.

"मग सोपं जाईल तुम्हाला."

मला तो अपमान वाटला. निम्मी नोकरी वारणानगरच्या बाजूला आणि निम्मी शहरात झालेली. हजारो पोरांना मी सावधान-विश्राम शिकवलं, कवायतीत एक हात जरी उशिरा वर गेला तरी मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. आणि आता मला चालायला शिकवणार कोण, तर माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान असलेली एक फिजिओथेरपिस्ट.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये भरायचा. लग्न नसेल त्या मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहाला. आदल्या दिवशी पंगत उठलेली असली तर मसाल्याचा वास तसाच असायचा. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, म्हणजे धरल्यावर सरकू नयेत. मधे जमिनीवर लग्नातल्याच गाद्या अंथरलेल्या. बारा-तेरा म्हातारी माणसं, त्यांत बायका जास्त. माझी बायको सोबत म्हणून आली होती.

पहिल्या दिवशी चाचणी झाली. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. ते मी झोकात केलं. मग ती फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "सर, आता एका पायावर उभे राहा. खुर्ची जवळ असू दे, पण धरू नका."

एका पायावर उभं राहणं ही माझ्या वर्गात शिक्षा होती. मी छाती काढली, समोर नजर लावली आणि पाय उचलला. सहाव्या सेकंदाला माझा हात आपोआप खुर्चीवर गेला होता. मी म्हणालो, फरशी उतरती आहे. तिने मला दुसऱ्या कोपऱ्यात उभं केलं. तिथे पाच सेकंद झाले.

"काकू, तुम्ही करून बघता?" तिने बायकोला विचारलं.

बायकोने पर्स खुर्चीवर ठेवली, साडीच्या निऱ्या एका हाताने जरा वर धरल्या आणि उभी राहिली. राहिली ती राहिलीच. बाजूच्या बाईला तिने त्या पायावरूनच कुठल्या गल्लीत राहता हे विचारून घेतलं. अठ्ठावीस सेकंदांनी त्या मुलीनेच तिला पाय खाली घ्यायला सांगितलं.

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "वरच्या फळीवरचं डबं काढायला कोण यायचं वो? जन्म गेला की माझा चवड्यावर हुबं राहून."

त्यानंतर मी वर्गाला जायचो ते वर्गावर देखरेख करायला गेल्यासारखा. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं, बाजूला पावलं टाकणं, चवड्यावर उठून हळू खाली येणं, चालता चालता मान वळवणं. हे सगळं मला पोरखेळ वाटायचं. व्यायाम म्हणजे दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे. मी फिजिओथेरपिस्टला एकदा सांगितलंसुद्धा, की ह्यांना थोड्या बैठका द्या, माणसं सुधारतील. ती म्हणाली, "देऊ या सर. पण आधी तुम्ही खुर्ची न धरता पाय बदला."

आमच्या रांगेत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. अंगाने चांगलेच भरलेले, आता उचगावात मुलाकडे राहायला आलेले. दोनदा पडले होते. त्यांचा मुलगा त्यांना दंडाला धरून आणून बसवायचा आणि दंडाला धरूनच घेऊन जायचा. ते खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून उभे राहत. मला त्यांची दया यायची. त्या दयेच्या भरातच मी एका शुक्रवारी त्यांना म्हणालो, "पावणं, खुर्ची सोडा की. हे बघा, असं."

मी खुर्चीपासून दोन पावलं पुढे झालो, पाय उचलला, आणि दाखवायचं म्हणून डोळेही मिटले. डोळे मिटायचे नाहीत हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी कुठल्या बाजूला गेलो ते मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा मी त्या गृहस्थांच्या पोटावर आडवा होतो आणि आम्ही दोघंही गादीवर होतो.

फिजिओथेरपिस्ट धावत आली. तिने दोघांनाही आहे तसं पडून राहायला सांगितलं, कुठे दुखतंय का विचारलं, हातपाय हलवून बघितले. काही झालं नव्हतं. मग त्या गृहस्थांनी मला हळूच बाजूला सारलं. ते कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, रांगत खुर्चीपर्यंत गेले, बैठकीवर हात टेकले, एक पाय पुढे रोवला आणि उठून खुर्चीत बसले. आदल्याच आठवड्यात पडल्यावर कसं उठायचं ते शिकवलं होतं. मी त्या दिवशी, हे आपल्या कामाचं नाही म्हणून, बाहेर पेपर वाचत बसलो होतो.

मला तीन बायकांनी उठवलं. त्यांतली एक माझी होती.

मी वर्ग सोडला. लोकांना गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. बायकोने मात्र सोडला नाही. ती मंगळवारी, शुक्रवारी एकटी जायची, आल्यावर ओट्याला धरून सराव करायची आणि व्यायामांचा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवायची. ती वर्गाला गेली की मी तो कागद काढायचो, करून बघायचो आणि परत होता तिथे लावायचो. आमची बरेच दिवस अशी चोरून शाळा चालली होती. एकदा ती आल्या आल्या म्हणाली, "कागद उलटा लावलाय तुमी." तेवढंच बोलली आणि चहा टाकायला गेली.

मग एका रविवारी दारात ते कारखान्याचे गृहस्थ उभे. हातात काठी, सोबत कोणी नाही. मी दचकलो. हिशेब चुकता करायला आले असावेत, असंच मला वाटलं.

"एकटंच आलासा?"

"पोरगा कोपऱ्यावर गाडीत बसलाय. तितनं चालत आलो," ते म्हणाले, आणि दम घेत बसले. मी परत एकदा माफी मागायला लागलो. त्यांनी हात हलवला.

"सर, तुमी वर्गाला का येत न्हाई म्हणून इचाराय आलोय. त्यात माझं काय कारण न्हाई न्हवं?"

"तुमचं कसलं? पडलो मी तुमच्यावर."

"तेच सांगतोय. दुसऱ्यांदा पडलो तवापासनं वरीसभर मी एकटा गल्लीत आलो न्हवतो. घरातली मला काचंच्या बरणीगत धरत्यात. मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं, की आता परत पडलो की मोडलोच. आन त्या दिवशी तुमच्याएवढा गडी अंगावर पडला, मी खाली पडलो, आन मला काय झालं न्हाय. माझं मी उठलो. घरी जाऊन दोनदा जेवलो." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "लई बरं वाटलं बघा तुमी पडला ते."

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणीही माझ्या शिकवण्याबद्दल इतकं मनापासून बोललं नव्हतं, आणि इथे तर मी काही शिकवलंही नव्हतं. बायको आतून पोहे घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण बशीत माझ्यापेक्षा त्यांना जास्त वाढलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी गेलो. फिजिओथेरपिस्टला म्हणालो, "मला पडल्यावर उठायचं शिकव." ती म्हणाली, "आधी खाली बसायला शिकू." त्यात दोन आठवडे गेले. मी खुर्चीची पाठ धरली, दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग नुसत्या बोटांनी. डोळे उघडे ठेवले. सहाचे दहा सेकंद व्हायला दोन महिने लागले, दहाचे सतरा व्हायला आणखी तीन. पायजमा आता मी बसून घालतो; तो व्यायामाचा भाग नाही, अक्कल आहे, असं तीच म्हणाली. कारखान्याच्या गृहस्थांचे बारा सेकंद झाले आहेत. ते मला दर वेळी विचारतात, आणि माझे जास्त असले की त्यांना खरंच आनंद होतो. मला त्यांच्याबद्दल तसा होतो का, याची मी अजून खात्री केलेली नाही.

मागच्या महिन्यात सकाळी मी कट्ट्यावर दूध आणायला गेलो होतो. तिथे म्हशी उभ्या करून समोरच धार काढून देतात. फरशी ओली होती, आणि एका म्हशीचं दावं माझ्या घोट्याला अडकलं. अंग पुढे गेलं. तेवढ्यात डावा पाय बाजूला पडला, मग उजवा, आणि मी उभा राहिलो. मनगट, खुबा, चष्मा, सगळं जागच्या जागी. मी आजूबाजूला बघितलं. वीस-पंचवीस माणसं होती. कुणी पेले धरून बोलत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. मी पडलो असतो तर सगळे धावले असते. न पडलेल्या माणसाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. म्हशीनेसुद्धा मान वळवली नाही.

मी घाईघाईने घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं, दावं कसं अडकलं, पाय कसा पडला, सगळं. जरा उभं राहून दाखवलंही. ती भाजी निवडत होती.

"म्हंजे पडला न्हाईसा."

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "दूध कुठाय?"

मी परत कट्ट्यावर गेलो.