ओरा लीचा उजवा हात

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना ओरा ली टब्जचा उजवा हात वर झाला, की माणूस आहे तिथे थांबतो. पांढरा हातमोजा, डावा हात पाठीमागे आणि तोंडातून चकार शब्द नाही. दारावर उभ्या राहणाऱ्या आम्हा बायकांची रीतच आहे ती. बोलायचं नाही, हातानं सांगायचं. आमेन होईपर्यंत ना कुणी आत, ना कुणी बाहेर. एकदा खुद्द पाद्रीबाबांना उशीर झाला, तर हिनं त्यांनाही पायरीवर तिष्ठत ठेवलं. नंतर ते कुरकुरले, तेव्हा म्हणते कशी, "देवाशी बोलणं चाललं होतं. मध्ये येणारे तुम्ही कोण?"

अशी ही बाई. जन्म इथलाच, अलाबामातला, उभं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेलं. निम्म्या गावानं तिच्या हातचं खाल्लंय आणि उरलेल्यांनी तिची बोलणी. लेक लवकर गेली, म्हणून नातू टेव्हियनला तिनंच वाढवलं. पोरगा गोड होता, मी खोटं कशाला बोलू? न सांगता माझ्या अंगणातलं गवत कापून द्यायचा. पण विशीत आला आणि कमरेला पिस्तूल आलं. त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही, मीही पर्समध्ये बाळगते. पण त्याच्या पिस्तुलाला मागे ते मेलं 'स्विच' लावलेलं. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा! तो बसवला की चाप एकदा ओढायचा आणि सगळ्या गोळ्या एका दमात बाहेर. हात आपोआप वर उचलला जातो, मग नेम कुठला नि काय कुठलं!

पोलिसांनी त्याला त्या पिस्तुलासकट पकडलं होतं. पण आमच्या राज्याच्या कायद्यात त्या तुकड्याबद्दल अवाक्षर नव्हतं. बंदी होती ती देशाच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या कायद्यात, आणि तिथल्या सरकारी वकिलांना असल्या फुटकळ पोरांसाठी वेळ कुठला? पिस्तूल ठेवून घेतलं, पोरगा सोडून दिला. ओरा लीनं त्याला घरी आणलं, आधी चांगला फैलावर घेतला, मग मासे तळून जेवू घातलं. रविवारी चर्चमध्ये उभी राहून तिनं सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले, माझं लेकरू मला परत दिलंस म्हणून. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.

टेव्हियननं दुसरं पिस्तूल मिळवलं, दुसरं स्विचही मिळवलं. महिनाही झाला नसेल, पेट्रोल पंपावर त्याची कुणाशी तरी बाचाबाची झाली. घाबरवायला एकच गोळी झाडणार होतो, असं तो आजही सांगतो. एक कसली? पलीकडे जनेल आपल्या गाडीत पेट्रोल भरत उभी होती. विल्मा ग्रिअरची एकुलती एक लेक. जागच्या जागी गेली. टेव्हियनला जन्मठेप झाली.

आणि विल्मा कोण? आमच्याच चर्चच्या मागच्या दारावर उभी राहणारी. पुढचं दार ओरा लीचं, मागचं विल्माचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या दिवसानंतरही दोघी आपापल्या दारावर उभ्या राहत होत्या, पण विल्मानं तिच्याशी बोलणं टाकलं. ओरा लीनंही तोंड उघडलं नाही. काय तोंडानं बोलणार होती ती, सांगा!

मग आमच्या राज्याच्या राजधानीत नव्या कायद्याचा मसुदा आला. स्विच बाळगणं हा आता राज्याचाच गुन्हा ठरणार होता, म्हणजे आमचेच पोलीस पकडणार आणि आमचंच कोर्ट शिक्षा देणार. ओरा लीनं कंबर कसली. एकेका आमदाराचं दार वाजवत फिरली. मला काही ते पटत नव्हतं.

"अगं, आत जातील ती आपलीच काळी पोरं," मी म्हटलं. "गोऱ्यांच्या पोरांना कोण हात लावतंय? कायदा नवा, तुरुंग जुनाच."

"गेलाच की माझा आत! जाताना एक मुलगी मारून गेला. त्या पहिल्या वेळी आत गेला असता, तर आज ना उद्या माझ्या टेबलावर जेवायला तरी आला असता." मग माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "तू येतेस का बरोबर, का नुसतीच अक्कल शिकवणार आहेस?"

गेले मुकाट्यानं. आम्ही दारावरच्या सगळ्याजणी पांढरे कपडे, पांढरे हातमोजे घालून चर्चच्या बसमध्ये बसलो. बस सुटणार तोच विल्मा चढली. तीही पांढऱ्यात. कुणाकडेही न बघता ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. बाजूनं आलीय का विरोधात, कुणाला ठाऊक! विचारायची छाती कुणाची नव्हती.

मसुद्यावर आधी मत द्यायचं ते आमदारांच्या समितीनं, आणि तिची ती शेवटची बैठक. आज मत पडलं नाही, तर मसुदा त्या वर्षापुरता मेला. आदल्या वर्षीचाही असाच मेला होता. एक आमदार उठला, "आज स्विच, उद्या आमच्या शिकारीच्या बंदुका!" दुसरा आमच्याच रंगाचा, शहरातला. तो म्हणाला, "आपल्या पोरांनी तुरुंग भरायला आणखी एक कायदा हवाय का?" याचं म्हणणं खोटं नव्हतं.

ओरा ली उठली. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत उभी असते ती मी. तुम्ही नाही. माझ्या नातवाला पोलिसांनी सोडलं, तेव्हा मी देवाचे आभार मानले. आभार कशाचे मानले, ते मला नंतर कळलं. माझ्या पोराला वेळीच अडवणारं कुणीतरी हवं होतं. मला नाही जमलं, म्हणून तुमच्याकडे आलेय."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. "विषय नाजूक आहे, आणखी विचार व्हायला हवा. चला, जेवायची वेळ झाली." लगेच खुर्च्या सरकल्या. झालं, यंदाही मेला!

तेवढ्यात ओरा ली चालत दारापाशी गेली, वळली, डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा वर केला.

पहिला आमदार थबकला. त्याच्या मागचा त्याच्यावर आदळला. लहानपणी दर रविवारी चर्चमध्ये आईचं बोट धरून शिकलेली माणसं ती, गोरी काय नि काळी काय! दारावरच्या बाईचा हात वर असताना पाय पुढे पडेल कसा? जाडजूड पहारेकरी तिला हटवायला सरसावला आणि टोपी काढून तिथेच उभा राहिला. हसू की रडू, मला कळेना.

अध्यक्ष चरफडत मागच्या दाराकडे वळले. तिथे विल्मा उभी होती. डावा हात पाठीमागे, उजवा वर. ओठ घट्ट मिटलेले आणि गालांवरून पाणी वाहतंय.

कुणी हललं नाही. मग तो शहरातला आमदार हळूच आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि म्हणाला, "अध्यक्षमहाराज, मत घ्या." एकेक करत सगळे बसले. मसुदा एका मतानं पुढे गेला, आणि ते मत त्याचंच होतं.

परतताना ओरा ली खिडकीशी बसली होती. विल्मा पुढून उठून आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"त्या रविवारी तू आभार मानलेस ना," विल्मा म्हणाली, "तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आमेन मी म्हटलं होतं, ओरा ली."

कोर्टात जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती ओरा ली हातमोज्यांत तोंड लपवून हमसाहमशी रडली. विल्मानं रडू दिलं. मग ओरा लीनं नाक पुसलं, ताठ बसली आणि म्हणाली, "अजून मोठ्या सभागृहात सगळ्या आमदारांचं मत बाकी आहे."

"त्या सभागृहाला मागचं दार आहे का?"

"असेल की."

"मग ते माझं," विल्मा म्हणाली.