अननसाचा चहा आणि जळालेली गंज

माझ्या लग्नात फटाक्यांच्या तेरखेड्याहून आणलेलं एक रॉकेट वर जायचं सोडून आडवं गेलं आणि थोरल्या चुलत सासऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत घुसलं. जनावरांचा वर्षाचा चारा आमच्या वरातीच्या उजेडात भस्म झाला. रॉकेट लावलं नवरदेवाच्या मित्रांनी, तेही तर्र होऊन. नाव मात्र झालं माझं. नव्या नवरीचा पायगुण म्हणे! तेव्हापासून सासरच्या गावी, बेंबळीत, मला आडून 'रॉकेटवाली' म्हणतात. आडून म्हणजे मला नीट ऐकू येईल इतक्याच आडून.

त्या रात्रीपासून माझे सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ यांचं बोलणं बंद. भिंतीला भिंत लागून घरं, पण चहापाणी बंद. आमच्याकडं चहा बंद म्हणजे नातं बंद. ते परत सुरू करायची रीतही ठरलेली आहे. ज्याच्या दारात माणूस आला त्यानं स्वतःच्या हातानं कप द्यायचा आणि आलेल्यानं तो रिकामा करायचा. तळाला घोट राहिला तर भांडण राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुण्याच्या नणंदबाई, ताई, आल्या. त्या ह्या थोरल्या काकांच्या लाडक्या. ताईंनी लाडीगोडी लावून त्यांना कसंबसं तयार केलं. "दुपारी चहाला येतेत," म्हणाल्या. सासूबाईंनी ओसरी पुसून काढली. मी मनात नवस बोलले, कारण हे मिटलं तर माझ्या कपाळावरचं रॉकेटही उतरणार होतं.

पण ताईंना एखादी गोष्ट साधी जमेल तर शपथ! पर्समधून त्यांनी नक्षीचा डबा काढला. आत चहापत्ती, सुकलेल्या अननसाचे तुकडे, खोबऱ्याचे काप आणि जास्वंदीच्या पाकळ्या. वास तर असा, जणू बेकरीत सत्यनारायण घातलाय.

"वहिनी, हा पिना कोलाडा. समुद्राकाठी दारूत अननस-नारळ घालून पितात ना, त्या चवीचा चहा."

"म्हणजे ह्यात दारू हाय?"

"छे! नुसती चव."

"मग कशाला ही उठाठेव?" मी म्हणाले. माझं कोण ऐकतंय.

थोरले आले. ओसरीवर टेकले. सासरे समोर बसले आणि दोघंही ताईंच्या मार्फत बोलायला लागले.

"तुझ्या काकाला इचार, पंखा लावू का."

"तुझ्या बापाला सांग, वारं हाय."

हात लांब केला तर एकमेकांची टोपी काढता येईल, इतक्या जवळ बसून हे चाललेलं. मला हसू दाबता येईना.

ताई आत आल्या आणि त्यांनी चहा कपात ओतला. लालभडक, बिनदुधाचा. सासूबाईंनी तो बघितला आणि छातीवर हात मारला. "अगं बया! थोरल्यांना जित्तेपणी सुतकाचा चहा पाजतीस व्हय?" आमच्याकडं कोरा चहा मिळतो तो माणूस गेलेल्या घरी. पुण्यात राहून ताई हे विसरल्या होत्या. "आई, ह्यात दूध घालायचं नसतं," असं त्या म्हणेपर्यंत सासूबाईंनी कप परत पातेल्यात ओतला, घरातलं सगळं दूध त्यात रिकामं केलं आणि गॅस मोठा केला.

नासलं. अननस आंबट, जास्वंद आंबट, म्हशीचं दूध बिचारं काय करणार? खाली गुलबट पाणी आणि वर चोथा. शेजारी दूध मागावं तर धारा संध्याकाळी निघणार. बाहेरून सासरे ओरडत होते, "चहा कुठं हाय?" सासूबाईंनी तो फडक्यातून गाळला, वर मूठभर साखर ढकलली आणि म्हणाल्या, "गाळल्यावर काय कळतंय!"

सगळं कळत होतं.

सासऱ्यांनी कप भावाच्या हातात दिला. थोरल्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही तिघी दाराआड. दुसऱ्या घोटाला काहीतरी गोळा तोंडात आला असावा. तो त्यांनी चावला. देवाशप्पथ, चहा चावला! आता हा माणूस कप ठेवतो आणि मी जन्मभर रॉकेटवाली राहते, म्हणून मी पदर तोंडात धरला. त्यांनी कप ठेवला नाही. तिसऱ्या घोटाला मात्र जोराचा ठसका लागला. सासऱ्यांनी आपल्या कपात वाकून बघितलं आणि ओरडले,

"दादा, थांब! पिऊ नको, नासलाय त्यो!"

आपण कुणाशी बोललो हे कळून सासरे स्वतःच दचकले.

थोरले खोकत खोकतच हसायला लागले. "मला काय चव कळत न्हाय व्हय? पण ठेवला असता तर परत ह्या दारात यायला तोंड राह्यलं असतं का?" त्यांनी उरलेला चहा एका दमात संपवला आणि कप पालथा करून दाखवला. मग तोंड पुसत म्हणाले, "पर ह्यो केला कुणी?"

सासूबाई आणि ताई, दोघींनी माझ्याकडं बघितलं. रीतच पडली होती तशी.

थोरल्यांनी मान हलवली. "हिचं काम न्हाय हे. रॉकेटबी हिनं सोडलं नव्हतं. मला तवाबी ठावं व्हतं."

माझं डोकंच फिरलं. "ठावं व्हतं? मग मामंजी, इतकी वर्षं तोंडात काय अननस धरला होता?" थोरल्या माणसासमोर असं बोलले मी, आणि बोलता बोलता रडूच फुटलं.

सासूबाई पुढं आल्या मला गप करायला. थोरल्यांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"बोलू द्या तिला. चुकलंच माझं," ते म्हणाले. "सूनबाई, संध्याकाळी आमच्याकडं या समदी. चहा तूच कर. दूध हाय."