कार्डावर सोपवलेली बेरीज

वसमतच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक-कक्ष माझ्याकडे होता. एकवीस संगणक एका जुन्या सर्व्हरला जोडलेले. सगळे एकदम चालू झाले की त्याच्या प्रोसेसरवरचा भार नव्वद टक्क्यांवर जाई. तारेवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीची एक बेरीज येते. ती पुन्हा करून पाहायची, जुळली नाही तर तुकडा परत मागवायचा. हे काम प्रोसेसरच करी. दोन हजारनंतरच्या चार-पाच वर्षांत कधीतरी नवं नेटवर्क कार्ड आलं, त्यावर या कामासाठी वेगळी चिप होती. मी बेरजा कार्डावर सोपवल्या. भार चाळीसवर आला.

तीन आठवड्यांनी सिद्धेश्वर गावाकडची एक मुलगी आली. वसतिगृहासाठी गुणांची यादी आम्ही आदल्याच दिवशी हिंगोलीला पाठवली होती. साठच्या खाली प्रवेश नाही, आणि वसतिगृह नाही तर तिचं शिक्षण बंद.

"सर, फळ्यावर चोवीस लावलेत. मला चौसष्ट होते."

"कम्प्युटर चुकत नसतो, बाई."

"मंग मी चुकून राहिले का?"

मी उत्तरपत्रिका काढली. चौसष्टच होते.

पूर्वी यादी झाली की एकानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं टिक मारायची, अशी रीत होती. ती मीच बंद केली होती. आता शिपाईमामांना समोर बसवलं. "मशीन आलं तवा तुमीच म्हनले ना सर, टिका मारनं बंद?" मामा म्हणाले. मी पुढचं नाव वाचलं. एकशे शहाऐंशी नावांत आणखी दोन मुलींच्या गुणांत चुका निघाल्या. सहाचे दोन, सातचे तीन, पुन्हा सहाचे दोन. प्रत्येक वेळी दशकाचा आकडा बरोबर चारनं खाली. म्हणजे संगणक आकडा ज्या खुणांनी, बिटांनी लिहितो, त्यांतली चारची एकच खूण कार्ड पुसत होतं आणि बेरीज जुळल्याचं स्वतःच कळवत होतं. प्रोसेसर आता विचारतच नव्हता. फुकटचे गुण कुणालाच मिळाले नव्हते, गेले होते फक्त.

निवड दुसऱ्या दिवशी अकराला होती. पहिल्या एसटीनं निघालो. औंढ्याला गाडी पंचवीस मिनिटं थांबली. मी चारदा घड्याळ पाहिलं.

हिंगोलीच्या कार्यालयातले कारकून म्हणाले, "आता सुचलं व्हय सर? चूक कोनाची, लिहून द्या."

मी लिहिलं: चूक माझी, यंत्रावर सोपवून मी पाहिलं नाही. सही केली. त्यांनी तिन्ही आकडे लाल शाईनं दुरुस्त केले आणि यादी आत नेली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. मी दाराशी उभा राहून मोजत होतो. जागा चाळीस. तिसापर्यंत आमच्या तिघींपैकी दोघींची नावं आली, तिचं नाही. चौतिसावं नाव तिचं होतं.

बाहेर येऊन मी कॉलेजात फोन लावला आणि मामांना सांगितलं, "तिला कळवा. आणि गेल्या तीन आठवड्यांत आपण जे जे पाठवलं, त्याचे कागद काढून ठेवा."