काळी रेघ नको

आमचे भाऊजी भिंतीला रंग लावण्याआधी कान लावायचे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, धंदा भिंतीवर चित्रं काढण्याचा. शाळा असो की वस्ती, कामाला बोलावलं की बोटाच्या पेराने टकटक करत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. इथे भरीव, इथे पोकळ, इथे ओल. लोक हसायचे, "चित्रकार बोलावला होता, डॉक्टर कुठून आला?" एकदा मला म्हणाले होते, "वहिनी, भिंत आजारी असली तर रंग म्हणजे औषध नव्हे, नुसती पावडर." पुढे जे घडलं ते अजाणतेपणी घडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

काम मात्र देखणं. आणि एकट्याचं नाही. वस्तीतल्या बायका, शाळेतली मुलं सगळ्यांना कामाला लावायचे. स्वतः परांचीवर चढून खडूने मोठे आकार आखायचे, प्रत्येक आकारात आकडा लिहायचे. रंगाच्या डब्यांवरही तेच आकडे. तीन नंबरच्या जागेत तीन नंबरचा रंग, इतकं सोपं. ज्यांनी जन्मात ब्रश धरला नाही अशा म्हाताऱ्याही दुपारभर भिंतीपुढे रमायच्या. कडा मात्र भाऊजी कुणाला देत नसत. "आतलं तुम्ही भरा, कडा माझ्या."

त्यांची ख्याती होती वेलीची. जुन्या भिंतीला भेग असायचीच. ती ते पुट्टीने बुजवायचे, वर घासून सारखं करायचे आणि भेग जिथून गेली असेल तिथून वेल चढवायचे. वाकडी भेग, वाकडी वेल. भिंतीतच उगवल्यासारखी वाटायची. बारीक भेगांना हे चालतं. त्या कुठे वाढत नाहीत.

एका शाळेच्या बाहेरच्या भिंतीचं काम निघालं. पेर वाजवत गेले आणि घंटेजवळ थांबले. तिथे पायापासून वरपर्यंत भेग, आत करंगळी जाईल एवढी. भाऊजींनी मोठ्या बाईंना बोलावून दाखवली. "बाई, हे माझं काम नाही. गवंडी बोलवा."

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, पंधरा दिवसांवर भिंतींची स्पर्धा आली. गवंडी येणार कधी, सुकणार कधी, तुम्ही रंगवणार कधी? वेल काढा की! तुमचा हात असा, की भेग शोधूनही सापडायची नाही."

भाऊजी घरी येऊन हे सांगत होते तेव्हा त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई म्हणतात तर काढा."  मला त्यातलं काय कळतंय, असं मी मनाशी म्हटलं. गप्प बसायला कारण लागतं, ते सापडलं.

त्यांनी वेल काढली. शाळेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी वेलीचं वेगळं कौतुक केलं, तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढले. पुढच्या वर्षी भाऊजींना सगळ्या शाळांच्या चित्रस्पर्धेला परीक्षक नेमलं.

तेही काम ते मनापासून करायचे. चित्रांचे गठ्ठे घरी आणायचे, जमिनीवर पसरायचे, आणि प्रत्येक कागद उलटा करून बघायचे. मुलं मागच्या बाजूला रंग घासून बघतात ना, त्यावरून मूल किती कष्टाळू ते कळतं म्हणायचे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहायची, खाली सही आणि तारीख. "आभाळ कागदाच्या टोकापर्यंत असतं, तिथवर ने." "आजीचे डोळे सुरेख." जाऊ वैतागायची, "बक्षीस तिघांना, आणि पत्रं तीनशे जणांना!"

त्या वर्षी विषय होता, शाळेतली आवडती जागा. त्याच शाळेतल्या चौथीच्या एका मुलीने घंटेजवळची भिंत काढली होती. वेल होती, पानं होती, आणि वेलीच्या मधोमध एक काळी रेघ, खालपासून वरपर्यंत.

भाऊजींनी तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. मागे लिहिलं, "वेल छान. काळी रेघ नको."

यानंतर दोन महिन्यांनी बाईंच्या सांगण्यावरून शाळेच्या माळ्याने भिंतीच्या पायाशी वाफा खणला आणि फुलझाडं लावली. त्यानंतर पाच महिन्यांनी ती भिंत पडली. वारा नाही, पाऊस नाही, लख्ख ऊन. मधल्या सुट्टीला सात मिनिटं होती. शिपाईमावशी घंटा द्यायच्या आधी भिंतीच्या सावलीला टेकली होती. वीस वर्षं ती घंटा तिनेच दिली. त्या दिवशी मधली सुट्टी झालीच नाही. मुलं आत होती, ही देवाची कृपा असं लोक म्हणाले. मलाही देवाचं नाव घेतल्याशिवाय घास जात नाही, पण मावशीच्या सुनेसमोर मला ते म्हणवलं नाही.

चौकशी बसली. मोठ्या बाईंनी लिहून दिलं की भिंत ठणठणीत होती, बक्षीसपात्र होती. माळ्याने वाफा खणून रोज पाणी घातलं, त्याने पाया खचला. माळी म्हणजे साधा माणूस. बोलायला लागला की शब्दाआधी हात हलायचे. त्याला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. काम गेलं, आणि मावशीला यानेच मारलं हे गावभर झालं. मावशी रोज त्याच्या डब्यातलं खायची. त्याची बायको कुणाला दार उघडेना.

भाऊजींना कुणी काही विचारलं नाही. चित्र काढणाऱ्याला काय विचारायचं?

चार दिवस ते जेवले नाहीत. पाचव्या दिवशी पोटमाळ्यावर चढले आणि चित्रांचे गठ्ठे खाली ओढले. प्रदर्शन भरवायचं म्हणून बक्षिसाची चित्रं त्यांच्याकडेच राहिली होती. तो कागद सापडला. वाफ्याच्या दोन महिने आधीची तारीख, खाली त्यांचीच सही. फावडं लागण्याआधीच भिंत उकललेली होती, हे सांगणारा तेवढा एक कागद.

जाऊने तो हातातून ओढला. "जाळून टाका. हात दाखवून अवलक्षण कशाला? पोरगी काहीही काढते. उद्या आभाळ हिरवं काढलं तर आभाळ हिरवं होतं का?"

"मी बघितलं तेव्हाच मला कळलं होतं," भाऊजी म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"तिने भेगच काढली होती, पुट्टी फोडून वर आलेली. पोर बघून काढते. मी बघून पुसायला सांगितलं."

मग कागद घेऊन ते वर आमच्याकडे आले. "वहिनी, हा तुमच्याकडे असू दे. खाली राहिला तर चुलीत जाईल. ती नाही टाकायची, मीच टाकीन." मी तो माझ्या पोथीत ठेवला. रोज पोथी उघडायची तर ती काळी रेघ आधी दिसायची. आठ दिवस मी ते पान सोडूनच वाचत होते. नवव्या दिवशी सकाळी भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "द्या. आज शेवटची तारीख आहे. चला माझ्याबरोबर, नाहीतर मी अर्ध्या वाटेतून परत येईन."

चौकशीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले. शेजारी माळी, मान खाली. दार पुरतं लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे भेग तुम्ही आधी पाहिली होती?"

"दोनदा. एकदा भिंतीवर, एकदा कागदावर. पहिल्यांदा झाकली, दुसऱ्यांदा पोरीला गप्प केलं."

"बाईंनी सांगितलं म्हणून झाकलीत ना?"

"बाईंना भिंतीतलं कळत नाही. मला कळतं."

मोठ्या बाई आतच होत्या. त्यांचा आवाज आला, "कोंबडं झाकायला मी सांगितलं असेल, पण टोपली यांची होती." कुणीतरी हसलं सुद्धा. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

माळ्यावरचा ठपका निघाला. बाहेर आल्यावर भाऊजी त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.  तो म्हणाला, "तुम्ही रंगवत होतात तेव्हा मी पाणी आणून द्यायचो. तेव्हाच मला म्हणाला असतात, मावशीला तिथं बसू देऊ नको. एवढंच तर म्हणायचं होतं." आणि निघून गेला.

बाईंची बदली झाली. भाऊजींना शाळांची दारं बंद झाली, त्यांच्यावरचा खटला अजून चालू आहे. ते आता लोकांच्या खोल्या रंगवतात, पांढऱ्या. पण आधी त्यांनी एक यादी केली. आयुष्यात वेली काढलेल्या, अजून उभ्या असलेल्या भिंती, आठवून आठवून एकोणीस. प्रत्येक ठिकाणी रंग तासायचा पत्रा घेऊन गेले आणि स्वतःची वेल स्वतः खरवडली, खाली भेग उघडी पडेपर्यंत. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तारीख लिहिली. पट्टी फाटली तर भिंत हलते आहे असं समजायचं. काही ठिकाणी लोकांनी शिव्या दिल्या, एका वस्तीत ज्या बायकांनी ती वेल भरली होती त्या रडल्या. एका शाळेत शिडी मी धरली होती. वरून पापुद्रे माझ्या डोक्यावर पडत होते, हिरवे. भाऊजी वरूनच म्हणाले, "डोळे मिटा, वहिनी."

सतरा झाल्या. सहा पट्ट्या फाटल्या, त्या भिंती पाडायला लावल्या. दोन शाळा त्यांना फाटकाच्या आत घेत नाहीत. म्हणतात, चांगल्या चित्राचा नाश करणारा वेडा आहे. भाऊजी दर आठवड्याला जाऊन बाहेर उभे राहतात, अर्ज देतात, परत येतात.

मी सकाळी देवापुढे बसते तेव्हा घरातल्या माणसांची नावं घेते. त्यांच्यानंतर त्या दोन भिंती.