पावट्याच्या जिलेबीबाबत

अर्जदार : मी, शिक्षण सातवी, व्यवसाय अर्जलेखन, बैठक के. आर. पुरम येथील कचेरीबाहेर.
प्रतिवादी : माझी पत्नी, आता हयात नाही.
घटनेचा दिवस : गेल्या हिवाळ्यातील एक रविवार.
साक्षीदार : जिलेबीच्या स्टॉलवरील बाई. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

घशाच्या आजारावर किरणांचे उपचार झाल्यापासून पत्नीच्या जिभेची चव गेली होती. भात म्हणजे ओला कागद, असे ती म्हणे. वजन उतरत चालले होते. रोज काय खाल्ले, काय जाणवले, ते लिहिण्यासाठी डॉक्टरांनी वही दिली होती. लेखनाचे काम अर्थातच माझे. माझ्या हातचा अर्ज मजकुरात खोट काढून कोणत्याही साहेबाने आजवर परत केलेला नाही.

ओळखीच्या पदार्थाची जुनी चव जिभेला आठवते, म्हणून तो अधिकच बेचव लागतो, असे माझे मत बनले. तेव्हा तिने कधी न खाल्लेले काही द्यावे, या हेतूने तिला पावट्यांच्या मेळ्यात नेले. हिवाळ्यात इथे असा मेळा भरतो आणि पावट्यांचे काय वाटेल ते करतात. डोसा झाला, आइस्क्रीमसुद्धा झाले. प्रत्येक पदार्थ आधी मी चाखून तिला सांगत होतो, हा तिखट, हे जरा तुरट.

"अहो, जीभ माझी गेलीय की तुमची?" ती म्हणाली.

शेवटी पावट्याची जिलेबी. "स्वल्प तिन्नि, अक्का," थोडे तरी खा, असे कानडीत म्हणत स्टॉलवरच्या बाईने तिच्या हातावर तुकडा ठेवला. ती बराच वेळ चघळत राहिली.

"गोड लागली ना?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. "लागली."

माझे डोळे भरून आले. बाईने न मागता आणखी एक तुकडा दिला. मी तिथेच उभ्याने वहीत लिहिले : चव परत आली.

त्यानंतर मेळा संपेपर्यंत मी रोज ती जिलेबी घरी आणली. तीही रोज माझ्यासमोर बसून खात असे. उन्हाळ्यात ती गेली.

तेराव्यानंतर मेहुणी म्हणाली, "भावजी, ताईला शेवटपर्यंत कशाचीच चव लागली नाही हो. त्या जिलेबीने घसा सोलून निघायचा तिचा. मी म्हटलं, सांग की त्यांना. तर म्हणाली, त्यांनी लिहून टाकलंय, आता कसं खोडू?"

अंगठा घेण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवायचा, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. अनोळखी माणसांसाठी तो मी आयुष्यभर पाळला. त्या एका ओळीच्या वेळी मात्र पाळला नाही. शिवाय माझ्या प्रश्नातच उत्तर घालून दिले होते.

सबब, वरील सर्व मजकूर आज तिच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचून दाखविला आहे. त्या रविवारी, पहिल्या तुकड्याला तरी, काही लागले होते किंवा कसे, एवढेच कळविण्याची कृपा व्हावी. उत्तर 'नाही' असल्यास अर्जदाराची हरकत नाही. ती ओळ तो स्वतःच्या हाताने खोडील.